चतुर्थवार्षिक करआकारणीची नोटीस: क्षेत्रफळ २१ चौ.मी.ने वाढलंय, हरकत कशी घ्यायची?

वेशीजवळ

नाशिक जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत जुनं घर आहे. चतुर्थवार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, करआकारणीची विशेष नोटीस आली आहे. जुनी आकारणी अशी होती: ६६.८९ चौ.मी., सगळं निवासी, भाडेदर महिन्याला ८ रुपये प्रति चौ.मी. नव्या नोटिशीत एकूण ८८.४४ चौ.मी. धरलंय. त्यात निवासी ६६.१४ (दर १२ रुपये) आणि बिगरनिवासी २२.३० (दर ३० रुपये). करयोग्य मूल्य (वर्षाच्या भाडेमूल्यातून दुरुस्तीची वजावट करून उरतं ते, कर त्यावर लागतो) ५,७७९ वरून थेट १५,७९७.

घर एकमजली आहे. बाहेरून-बाहेर ३० × २४ फूट. भिंती विटा-मातीच्या, वर पत्रे. पुढच्या बाजूला १२ × १० फुटांच्या खोलीत घरचंच किराणा दुकान आहे. ते मागच्या आकारणीनंतर सुरू झालं, त्यामुळे तेवढ्याला बिगरनिवासी दर लागणार हे मान्य. त्याच्या शेजारी तेवढीच ओसरी आहे, ती घरच्या वापरात. बांधकाम एका विटेनेही वाढलेलं नाही. मोजायला आत कोणी आलेलं नव्हतं.

नोटीस वडिलांच्या नावावर आहे, ते आता हयात नाहीत. हरकत कोणी द्यायची, काय लिहायचं, सोबत काय जोडायचं? आणि तोपर्यंत बिल आलं तर भरायचं की थांबायचं?

मोजपट्टी

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. ३० × २४ म्हणजे ७२० चौ.फूट. चौरस मीटर काढायला १०.७६४ ने भागा: ६६.८९. म्हणजे जुनी नोंद बरोबर होती.

आता ८८.४४ ला १०.७६४ ने गुणा, ९५२ चौ.फूट येतात. ९५२ म्हणजे ३४ × २८. पत्र्याची वळचण चारही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर आहे का ते बघा. असेल तर मोजणी भिंतींची झालेली नाही, छपराची झाली आहे. ड्रोनच्या किंवा उपग्रहाच्या चित्रावरून काम झालं की ही चूक हमखास होते, कारण वरून भिंत दिसतच नाही, पत्र्याची कड दिसते. स्लॅबच्या घरात फरक थोडा पडतो. पत्र्याच्या आणि कौलारू घरांत तो वीस-तीस टक्क्यांवर जातो.

दुसरी चूक बिगरनिवासी क्षेत्रात आहे. २२.३० चौ.मी. म्हणजे २४० चौ.फूट, म्हणजेच २४ × १०. पुढची सगळी पट्टी दुकान धरली आहे. रस्त्यावरून फलक दिसला की दर्शनी भाग पूर्ण दुकानात टाकतात. तुमचं दुकान १२० चौ.फूट, म्हणजे ११.१५ चौ.मी.

दोन्ही दुरुस्त करून हिशेब असा होतो.

निवासी: ६६.८९ − ११.१५ = ५५.७४ चौ.मी. × १२ = ६६८.८८
बिगरनिवासी: ११.१५ × ३० = ३३४.५०
महिन्याचं भाडेमूल्य १,००३.३८, वर्षाचं १२,०४०.५६
दुरुस्तीपोटी १० टक्के वजा: करयोग्य मूल्य १०,८३७

नोटिशीत १५,७९७ आहे. म्हणजे एकूण १०,०१८ च्या वाढीतले ४,९६० निव्वळ मोजणीच्या आणि वापराच्या चुकीमुळे आले. उरलेली वाढ नव्या दरांची आणि दुकानाची आहे. हरकतीत हे दोन भाग वेगळे ठेवा. मोजणीची चूक कागद दाखवून सुटते. दराबद्दलचा राग त्याच अर्जात मिसळला की सुनावणीत सगळं बोलणं दरावर जातं आणि ‘दर सर्वांना सारखेच आहेत’ या एका वाक्यावर अर्ज निकाली निघतो.

आणखी एक बघा. नोटिशीत बांधकामाचा प्रकार काय लिहिलाय? विटा-मातीच्या भिंती आणि पत्रे याला एक दर असतो, सिमेंटमधल्या पक्क्या विटांना वेगळा, आरसीसीला आणखी वेगळा. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि रंग दिसला की मातीची भिंत ‘पक्की’ म्हणून लिहिली जाते. बांधकामाचं वर्षही तपासा. ज्या दरतक्त्यात वयानुसार घट धरलेली असते, तिथे वर्षाचा रकाना रिकामा राहिला किंवा सर्वेक्षणाचंच वर्ष पडलं तर जुन्या घराला नव्याचा दर लागतो.

कलमवार

आता प्रक्रिया. कायदा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. आकारणी यादी प्रसिद्ध झाली की कलम ११९ प्रमाणे हरकतींसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. ज्यांची आकारणी वाढली किंवा पहिल्यांदाच झाली, त्यांना वेगळी विशेष नोटीस जाते. तुमच्याकडे आली आहे ती हीच. तिच्यावर हरकतीची शेवटची तारीख असेल. सगळ्यात आधी ती कॅलेंडरवर लिहा.

ही तारीख चुकली तर नुकसान फक्त सुनावणी हुकण्याचं नसतं. पुढे बिलाविरुद्ध कलम १६९ च्या मालमत्ता कर अपील समितीकडे जायचं ठरवलं, तर आधी मुदतीत लेखी हरकत दिलेली असणं ही तिथली अट आहे. बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत अपील आणि बिलाची रक्कम आधी जमा, या बाकीच्या दोन. कर विभागात तोंडी सांगून आलात, ‘बघून घेतो’ असं उत्तर मिळालं आणि महिना निघून गेला, तर कागदावर तुमची हरकत नाहीच. लोक इथेच अडकतात.

हरकत कोणी द्यायची: घराचा मालक किंवा भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा, वापरणारा) कोणीही देऊ शकतो. वडिलांच्या नावाची नोटीस असली तरी तुम्ही ‘वारस व भोगवटादार’ म्हणून सही करा आणि मृत्यूचा दाखला जोडा. वारसनोंद या अर्जात मागू नका. तो स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र कागद. दोन्ही एकत्र दिले की फाइल नाव-हस्तांतरणाच्या टेबलावर जाऊन बसते आणि हरकतीच्या यादीत नाव येत नाही. असेसमेंट उतारा, म्हणजे आकारणी यादीतला आपल्या घराचा उतारा, हा मालकीचा पुरावा नसतो हेही लक्षात असू द्या. मालकीसाठी भूमी अभिलेखचं मालमत्ता पत्रक लागतं.

अर्ज एका पानाचा पुरे. मालमत्ता क्रमांक, प्रभाग, नोटीस क्रमांक व तारीख वर लिहा. मग तीन मुद्दे: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार. प्रत्येक मुद्द्यात ‘नोटिशीत असं, प्रत्यक्षात असं, म्हणून असं करावं’ एवढंच. शेवटी ‘समक्ष फेरमोजणी करून मगच निर्णय द्यावा’ ही मागणी. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एकाच कुटुंबाच्या दोन मालमत्ता असतील तर दोन अर्ज.

मोजपट्टी

सोबत जोडायच्या नकाशाबद्दल. आर्किटेक्टचा असायलाच हवा असं नाही. चौकटीच्या कागदावर एक चौकट = एक फूट धरून घराचा आराखडा काढा. बाहेरच्या चारही भिंतींची मापं, दुकानाची मापं, ओसरीची मापं, आणि तुटक रेषेने वळचण दाखवा. वळचणीच्या रेषेवर ३४ आणि २८ हे आकडे लिहा, भिंतीच्या रेषेवर ३० आणि २४. अधिकाऱ्याला चूक एका नजरेत कळते.

फोटो चार पुरेत. एक कोपऱ्यातला, टेप भिंतीपासून पत्र्याच्या कडेपर्यंत धरलेली. एक दुकानाच्या शटरचा. एक ओसरीचा, दुकानाचा माल दिसत नाही असा. ओसरीत तेलाचे डबे आणि पोती ठेवलेली असतील तर तो भाग दुकानाच्या वापरातच धरला जाईल, आणि ते बरोबरच आहे. चौथा, गिलावा निघालेल्या जागी मातीची भिंत दिसेल असा.

नोटिशीतलं क्षेत्र बांधीव आहे की चटई, हेही विचारून घ्या. बांधीव म्हणजे बाहेरून-बाहेर, भिंतींसकट; चटई म्हणजे भिंती सोडून आतलं. मातीच्या भिंती दीड-दोन फुटी असतात, त्यामुळे दोन्हींत मोठं अंतर पडतं.

पेठेतल्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी एक जादा मुद्दा: दोन घरांत एकच भिंत असेल तर दोघांच्याही मोजणीत ती पूर्ण धरलेली सापडते. निम्मी-निम्मी धरायला सांगा. त्यासाठी शेजाऱ्याचीही हरकत त्याच दिवशी, त्याच मापांनी दिलेली बरी.

पैठणी_गल्ली

वापराच्या रकान्याबद्दल येवल्याकडच्यांनी विशेष जपावं. घरात हातमाग असला की कधी पूर्ण मजला बिगरनिवासी लिहिला जातो. मागाची खोली आणि राहण्याच्या खोल्या यांची मापं वेगळी दाखवून निवासी भाग वेगळा मागावा. त्र्यंबकला यात्रेकरूंना खोल्या देणाऱ्या घरांत हाच प्रश्न येतो: ज्या खोल्या खरंच भाड्याने जातात तेवढ्याच बिगरनिवासी दाखवा, पण त्या लपवू नका. फेरमोजणीला माणूस येतोच, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही विश्वास राहत नाही.

ओझर, पिंपळगाव बसवंतसारख्या ठिकाणी, जिथे ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, तिथे जुना नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा शोधून ठेवा. जुनं क्षेत्रफळ सिद्ध करायला तोच कामाला येतो.

वेशीजवळ

वळचण मोजली. तीन बाजूंनी बरोबर दोन फूट, मागच्या बाजूला दोन फूट एक इंच. मोजपट्टी यांचा हिशेब तंतोतंत जुळतोय. बांधकामाचा प्रकार नोटिशीत ‘लोड बेअरिंग पक्के’ आहे, वर्षाचा रकाना कोरा.

दोन शंका. सर्वेक्षणाची मूळ नोंद बघायला मिळेल का? त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू का? आणि दराविरुद्ध काहीच करता येत नाही का?

कलमवार

माहितीचा अर्ज टाका, पण त्याची वाट बघू नका. माहिती द्यायची मुदत ३० दिवस आणि हरकतीची मुदतही तेवढीच. उत्तर येईपर्यंत तारीख गेलेली असते. आकारणी यादी बघायचा आणि तिच्यातला आपला उतारा लिहून घ्यायचा हक्क मालक-भोगवटादाराला मोफत आहे. कर विभागात जाऊन यादीतलं आपलं पान मागा, मोबाइलवर फोटो घेऊ देत नसतील तर हाताने उतरवा. माहितीचा अर्ज अपिलाच्या वेळी उपयोगी पडेल: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच, ‘मालमत्ता क्रमांक अमुकच्या सर्वेक्षण प्रपत्राची व स्थळपाहणीची साक्षांकित प्रत’.

सुनावणी कलम १२० खाली होते. ती प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यापुढे असते, हे अधिकारी नगररचना विभागाचे असतात आणि एका दिवसात ढीगभर प्रकरणं ऐकतात. तुम्हाला तीन-चार मिनिटं मिळतील. नकाशा समोर ठेवा, ‘छप्पर मोजलंय, भिंत नाही’ हे पहिलं वाक्य. हजर राहता येत नसेल तर अधिकारपत्र देऊन कोणाला पाठवा. गैरहजेरीत नोटिशीतले आकडे कायम होतात. निर्णयाची लेखी प्रत मागा.

यादी अंतिम झाली की पुढची चतुर्थवार्षिक येईपर्यंत हेच आकडे चालतात. करयोग्य मूल्यातला ४,९६० चा फरक एका वर्षापुरता नाही, चारही वर्षं राहतो. शिवाय शिक्षण कर करयोग्य मूल्याच्या टप्प्यांवर असतो, वरच्या टप्प्यात गेलात की त्याचा दरही चढतो. दुकानाच्या भागावर रोजगार हमी उपकर लागतो, निवासी भागावर नाही. म्हणून ओसरी दुकानात जाणं तिहेरी महाग पडतं.

जुनीपेठ

दराच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. एकट्याच्या हरकतीने दर बदलत नाही. भाडेदराचा तक्ता पूर्ण शहराचा असतो. नाशिक महापालिकेत २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना वार्षिक भाडेमूल्याचे दर वाढले, तेव्हा मोकळ्या जमिनींपर्यंत विषय गेला आणि शहरभर आंदोलन झालं. महापालिकेचा कायदा वेगळा, पण शिकण्यासारखं तेच: दरावर सगळ्या प्रभागांनी मिळून बोलावं लागतं.

तुमच्याकडे करता येण्यासारखं हे. आपल्या भागातली प्रत्यक्ष भाडी गोळा करा. त्याच गल्लीतले दहा-बारा भाडेकरार, क्षेत्रफळासह. त्यावरून प्रति चौ.मी. दर काढा. तक्त्यातला दर त्याहून जास्त निघाला तर सह्यांचं निवेदन मुख्याधिकारी, नगराध्यक्ष आणि प्रभागातले दोन्ही नगरसेवक यांना द्या आणि विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. ‘वाढ अन्यायकारक आहे’ एवढ्याच वाक्याचं निवेदन फाइलला लागतं. भाडेकरारांचा तक्ता जोडलेला असेल तर नगरसेवकाला सभागृहात बोलायला मुद्दा मिळतो. दाट वस्तीची जुनी पेठ आणि महामार्गालगतची नवी वसाहत एकाच झोनमध्ये टाकली असेल तर तेही नकाशावर दाखवा, झोनची रेघ हलवणं दर बदलण्यापेक्षा सोपं असतं.

कुटुंबात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल तर २०२० पासूनची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आहे, एका घराचा मालमत्ता कर माफ होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. तो अर्जही वेगळा द्यायचा.

कलमवार

बिलाचं राहिलं होतं. थांबू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) चढते, वर्षाला २४. हरकत मान्य झाली तर जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती करून घेता येते. भरताना सोबत एका ओळीचं पत्र द्या: ‘हरकत आवक क्रमांक अमुक प्रलंबित असून हक्क राखून भरणा करीत आहे.’ त्यावरही शिक्का. अपिलात गेलात तर रक्कम जमा असणं तसंही लागणारच आहे.

मागच्या बाजूचा तो एक इंच नकाशात तसाच दाखवा. भिंतीची मापं बरोबर असली की वळचण किती बाहेर आहे याने आकारणीत फरक पडत नाही, पण फेरमोजणीला आलेल्या माणसाच्या टेपवर आणि तुमच्या कागदावर एकच आकडा दिसला पाहिजे. बांधकामाच्या वर्षासाठी जुनी घरपट्टीची पावती किंवा वीजजोडणीची पहिली नोंद, जे सगळ्यात जुनं सापडेल ते जोडा.