मध्ययुगीन युरोपातले गरीब खरंच तपकिरी गोणपाट घालायचे का?

नाटकवाला_सांगली:
मंडळी, आमचं नाटक इंग्लंडमधल्या 1381 च्या शेतकऱ्यांच्या बंडावर आहे. दिग्दर्शकाचं फर्मान: गोणपाट आणा, चहाच्या पाण्यात बुडवा, कमरेला सुतळी बांधा. बारा पात्रं, बजेट जेमतेम. खरंच असं घालायचे का?

सुईदोरा:
गोणपाट नकोच. एक तर पोरं खाजवत बसतील, आणि दुसरं म्हणजे गोणपाट तागाचं. ताग आपल्या बंगालचा, तो तेव्हा तिकडे कुणी पाहिलाही नव्हता. अंगाला जवसाच्या धाग्याचं लिनन, वर लोकर.

माझी लेक डेन्मार्कला असते. तिच्याकडे गेले तेव्हा कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ग्रीनलँडमध्ये वसलेल्या युरोपीय लोकांचे मध्ययुगातले कपडे पाहिले. हर्योल्फ्सनेस नावाच्या जागी समुद्र दफनभूमी खात चालला होता, तिथे 1921 मध्ये पुरातत्त्वज्ञ पॉल नॉर्लुंड यांनी खोदकाम केलं. लाकडाची टंचाई, म्हणून बरीच प्रेतं शवपेटीऐवजी जुन्या कपड्यांत गुंडाळून पुरलेली. जमीन गोठलेली, त्यामुळे कपडे टिकले. आज सगळे तपकिरीच दिसतात, पण तो बराचसा मातीचा रंग. तपासणीत काहींवर मंजिष्ठेच्या जातीचा लाल सापडला, काहींवर जांभळा. तो जांभळा कशाचा? आपण मसाल्यात घालतो ना दगडफूल, त्याच्या भाऊबंदांचा!

मी मात्र काचेला नाक लावून शिवणीच बघत होते. पहारेकरी दोनदा खाकरला. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत, त्यामुळे आधी मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, बघायची खोड. तर मुंढा चक्क गोलाईत कापलेला, बाहीच्या मागे छोटी कळी, म्हणजे जोडलेला त्रिकोणी तुकडा. बाजूंना कळ्या आहेतच, शिवाय पुढून आणि मागून मधोमध खालून कापड चिरून त्यात कळी बसवलेली. जिने कधी अशी कळी लावली असेल तिला माहीत आहे, चिरेच्या टोकाला माया, म्हणजे शिवणीपुरतं जादा कापड, उरतच नाही. मी घरी येऊन करून पाहिलं, तिथेच दोनदा फाटलं. त्या बायांनी हातसुईने केलं.

बखरप्रेमी:
ताईंना दुजोरा. इंग्लंडमध्ये 1363 साली कायदा झाला होता: नांगरे, गाडीवान, मेंढपाळ अशा लोकांनी जाडंभरडं लोकरी कापडच घालावं, तेही 12 पेन्सच्या आतलं. दोनेक वर्षांत गुंडाळला गेला. नोकरमाणसं ऐपतीबाहेरचं घालतात, ही मालकांची तक्रार होती.

नाटकवाला_सांगली:
वा, म्हणजे बंडखोर रंगीत! ताई, पण लोकर परवडणार नाही. आणि पायात काय? लेगिंग्ज चालतील का?

सुईदोरा:
दादा, आतल्या सदऱ्याला मांजरपाट घ्या. वरच्यासाठी जुनी ब्लँकेटं गोळा करा, त्यावर मंजिष्ठा किंवा नीळ चढवा. नीळ चुकीची नाही, तिकडच्या वोड नावाच्या झाडातूनही तोच निळा निघतो.

लेगिंग्ज मात्र लांबून ओळखू येतील. त्यांचे पायमोजे स्वेटरसारखे विणलेले नसायचे, लोकरी कापड तिरकं कापून शिवायचे, म्हणजे ताणलं जातं. गुडघ्याला थोडी चुणी पडते, पडू द्या. आणि बारा अंगरखे एकदम कापू नका. आधी एकाच्याच कळ्यांना कच्चा धावदोरा घाला, नटाला स्टेजवर उकिडवं बसवा, मग कात्री.