अनुभव धागा: ‘बाकीचे सगळे करतात’ हे कामाला कसं लावायचं, आणि ते कुठे अंगाशी येतं

ज्यांचं कामच लोकांना काहीतरी करायला लावण्याचं आहे, म्हणजे स्मरणपत्रं लिहिणारे, शाळेत काम करणारे, सभा चालवणारे, वर्गणी जमवणारे, त्यांच्यासाठी हा धागा. आपल्या गटातले लोक काय करतात हे कळलं की माणूस तिकडे वळतो, हे नवं नाही. पण नेमके शब्द कोणते, ते कोणी बोलायचे, आकडा कुठे टाकायचा आणि डाव उलटतो तो का, हे सहसा कुठे लिहिलेलं सापडत नाही. किस्से नकोत, कृती लिहा. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

स्मरणपत्र

थकबाकीच्या पत्रात तीन गोष्टी लागतात: गट, आकडा आणि वाचणाऱ्याची त्या गटातली जागा. बहुतेक मसुद्यांत तिसरी गोष्ट नसतेच. ब्रिटनच्या कर खात्याने पत्रांचे वेगवेगळे मसुदे तपासले होते. ‘दहापैकी नऊ लोक कर वेळेवर भरतात’ एवढंच लिहिल्यावर भरणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम १.३ टक्केबिंदूंनी वाढलं. ‘आपल्या देशात’ हे शब्द घालून आणि ‘अजून न भरलेल्या अगदी थोड्या लोकांत सध्या तुम्ही आहात’ असं पुढे जोडून तेच वाक्य ५.१ टक्केबिंदूंपर्यंत गेलं. पहिलं वाक्य ही नुसती माहिती झाली. दुसऱ्यात वाचणारा स्वतःला रांगेबाहेर उभा दिसतो.

गट जितका जवळचा तितकं बरं. हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरण्याच्या पाट्यांवरचा २००८ सालचा अभ्यास बघा. पर्यावरणाचं आवाहन करणाऱ्या पाटीला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी दाद दिली, ‘इथले बहुतेक पाहुणे असं करतात’ या पाटीला ४४ टक्क्यांनी. पुढच्या फेरीत ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी’ असं लिहिल्यावर आकडा ४९ वर गेला. त्या खोलीत आधी कोण राहिलं याच्याशी कोणाचं काय घेणं? पण काम करतं, हे खरं.

मांडणीचं म्हणाल तर गटाचं वाक्य पहिल्या दोन ओळींत, त्याला लागूनच रक्कम आणि तारीख, आणि कसं भरायचं ते त्याच पानावर. पान उलटावं लागलं की तयार झालेलं मन निवतं. आकडा स्वतःच्या नोंदवहीतला असावा, गोल केलेला चालेल, फुगवलेला नाही. शेजाऱ्यानेही भरलेलं नाही हे वाचणाऱ्याला माहीत असेल तर तुमचं पुढचं पत्रही रद्दीत जाणार.

निम्म्याहून कमी लोक करत असतील तर बहुमताचं वाक्य वापरूच नका, बदलाची दिशा सांगा. २०१७ साली छापून आलेला एक प्रयोग जेवणाच्या रांगेत झाला होता. ‘३० टक्के लोक मांस कमी खाण्याचा प्रयत्न करतात’ हे वाचलेल्यांपैकी १७ टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण घेतलं. ‘गेल्या ५ वर्षांत ३० टक्के लोकांनी असा प्रयत्न सुरू केला आहे’ हे वाचलेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. आकडा तोच, क्रियापद वेगळं.

मोजपट्टी

वरच्याला पुरवणी. सरासरी दाखवली की वरचे खाली येतात, तसे खालचेही वर जातात, आणि हे हिशेबात धरलेलं नसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे सुमारे २९० घरांना त्यांचा आणि परिसराचा वीजवापर कळवला. जास्त वापरणाऱ्यांनी कमी केला. कमी वापरणाऱ्यांना मात्र आपण उगाच काटकसर करतोय असं वाटलं असावं, त्यांचा वापर वाढला. कागदावर एक हसरा चेहरा काढून दिल्यावर ही वाढ जवळजवळ थांबली. म्हणून तुलनेचा कागद कधी एकटा पाठवू नये. जे आधीच चांगलं करतात त्यांना शाबासकी त्याच कागदावर हवी, नाहीतर यादीतून त्यांना वगळा.

दुसरा खड्डा पाट्या लिहिणाऱ्यांचा. ‘रोज शेकडो लोक इथे कचरा टाकतात, लाज वाटली पाहिजे!’ यातलं लाजेचं कोणी वाचत नाही, शेकडो लोक टाकतात एवढंच पोचतं. ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात अश्मीभूत लाकडाचे खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवून हे मोजलं आहे. ‘आधीच्या अनेकांनी तुकडे नेले’ या पाटीपाशी जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया नेऊ नका’ या पाटीपाशी २ टक्क्यांहूनही कमी. पाटी लिहिल्यावर तिच्यातलं आवाहन खोडून उरलेलं वाचा. उरलेल्यात वाईट वागणाऱ्यांची गर्दी दिसत असेल तर पाटी फाडा.

सभाधीट

सभेत दबाव तयार करणाऱ्यांनी आणि तो टाळू पाहणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग बारकाईने बघावेत. रेषांची लांबी ओळखायची, अगदी सोपं काम. खोलीत एकच खरा माणूस, बाकी सगळे सामील. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत सामील लोक ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. त्या फेऱ्यांतली साधारण एक-तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने गेली आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी वाहवले.

कामाचा भाग त्यापुढे आहे. खऱ्या माणसाच्या विरोधात सामील एकच असेल तर फरक जवळजवळ पडत नाही. दोन असले की थोडा पडतो, तीन झाले की दबाव जवळपास पुरा होतो. तिनाचे पंधरा केले तरी त्यात विशेष भर पडत नाही. आणि सामील लोकांतला एक जरी फुटला, म्हणजे त्याने वेगळं उत्तर दिलं, तर वाहवण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर येतं. गंमत म्हणजे फुटणारा बरोबर असायलाही लागत नाही, तो गर्दीहून जास्त चुकला तरी चालतं. एकमत मोडणं महत्त्वाचं.

खरं मत हवं असेल तर सभेत क्रम असा ठेवावा: प्रश्न वाचायचा, चर्चेआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर लिहायचं, चिठ्ठ्या गोळा करून मगच बोलायचं, आणि बोलायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून. अध्यक्ष शेवटी. ‘कोणाची हरकत आहे का?’ हा प्रश्न टाळावा. त्याचं उत्तर शांतताच असते आणि ती होकार म्हणून इतिवृत्तात जाते. ‘यात काय फसू शकतं ते प्रत्येकाने एकेक सांगा’ म्हटलं की फुटणं हेच काम होतं.

(अवांतर: हात वर करायला लावण्याआधी कोण कुठे बसलंय ते बघा. पहिल्या रांगेतले तीन हात मागच्यांना दिसतात, मागचे पुढच्यांना नाही. सभा जिंकायला निघालेले लोक पुढे का बसतात ते यावरून कळेल.)

खडूफळा

शाळांमध्ये बरोबरीच्यांमार्फत सांगायचं असेल तर मुलं निवडतानाच निम्मं काम बिघडतं. शिक्षक शहाणी, नीटनेटकी मुलं निवडतात आणि बाकीची त्यांचं ऐकत नाहीत. ब्रिटनमधल्या धूम्रपानविरोधी ‘असिस्ट’ उपक्रमाची पद्धत उचलण्यासारखी आहे. १२–१३ वर्षांच्या सगळ्या मुलांना गुप्तपणे नावं लिहायला सांगतात: तुम्ही कोणाला मानता, खेळात किंवा गटाच्या कामात पुढारी कोण, कोणासारखं व्हावंसं वाटतं. सर्वाधिक नावं आलेली वरची १७.५ टक्के मुलं बोलावतात, गळती धरून १५ टक्के तरी उरावीत म्हणून. शाळेबाहेर दोन दिवस प्रशिक्षण, मग १० आठवडे ही मुलं आपल्या नेहमीच्या गप्पांत विषय काढतात. भाषणं नाहीत, फलक नाहीत. ५९ शाळांमधल्या चाचणीत वर्षभरानंतरही फरक टिकून होता, दुसऱ्या वर्षाअखेरीस तो ओसरत गेला. म्हणजे दर वर्षी नवी तुकडी हवी.

यादीत वात्रट मुलांची नावं येणारच, ती खोडू नका. ज्यांच्यावर मुलांची नजर असते तीच ती.

दुसरा मार्ग गैरसमज काढण्याचा. मुलांना वाटतं सगळे पितात, सगळे ओढतात, आपणच मागे. निनावी प्रश्नावलीत दोनच प्रश्न विचारा: तू करतोस का, आणि तुझ्या वर्गातले किती जण करत असतील? दुसऱ्याचं उत्तर बहुधा पहिल्यापेक्षा बरंच मोठं येतं. ती तफावत त्याच आठवड्यात फळ्यावर लिहायची. आकडा त्याच वर्गाचा हवा. दुसऱ्या शाळेचा दिलात तर ‘तिकडची मुलं वेगळी’ म्हणून विषय संपतो. आणि तफावत आलीच नाही, वर्गात खरोखरच बहुतेक जण करत असतील, तर हा मार्ग तिथे बंद. आकडा दाखवू नका.

तिरपा_डोळा

हेच सगळं वापरून लोकांना लुटणारे गुंतवणुकीचे गट कसे बांधतात ते लिहितो, कारण वरचा ॲश तिथे शब्दशः भेटतो. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर न विचारता शंभर-दीडशे जणांच्या गटात तुम्हाला घालतात. एक ‘सर’, एक मदतनीस बाई, आणि उरलेल्यांतले बरेचसे सामील. सकाळी सल्ला, दुपारी नफ्याचे स्क्रीनशॉट, संध्याकाळी ‘सर, तुमच्यामुळे कर्ज फिटलं’. मध्येच कोणीतरी भित्रा सदस्य शंका विचारतो, चारजण त्याला समजावतात, दोन दिवसांनी तोही नफा दाखवतो. तो भित्रा म्हणजे तुम्ही, तुमच्यासाठीच लिहिलेलं पात्र.

सुरुवातीला छोटी रक्कम काढू देतात. मोठी भरली की काढण्याआधी ‘कर’ किंवा ‘शुल्क’ मागतात.

ओळखायची खूण म्हणजे खरी शंका काढणारा काही मिनिटांत गटाबाहेर असतो. एक फुटला की सगळा दबाव ढासळतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. तपासायचं असेल तर गटात बोलू नका. गटात नसलेल्या, पैशांशी संबंध नसलेल्या एका माणसाला सगळं मोठ्याने सांगा, आणि सल्लागाराचा नोंदणी क्रमांक नियामकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा, त्यांनी पाठवलेल्या दुव्यावर नाही.

स्मरणपत्र

खडूफळा यांनी आकडा दाखवण्याचं लिहिलंय, नावं दाखवण्याचं कोणी काढलं नाही. २००६ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीआधी वेगवेगळी पत्रं पाठवली होती. पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के. ज्यांना आपण आणि शेजाऱ्यांनी आधी मत दिलं की नाही याची नावानिशी यादी मिळाली आणि मतदानानंतर पुन्हा यादी येईल असं सांगितलं, त्यांच्यात ३७.८. एका पत्राच्या मानाने हा फरक प्रचंड आहे. तरी मी हे वापरत नाही. न भरणाऱ्यांची यादी दाराशी लावली की वसुली एकदाच होते, माणूस कायमचा तुटतो, आणि यादीत एक नाव चुकून लागलं तर सगळी यादीच खोटी ठरते. लावायचीच असेल तर भरलेल्यांची लावा.

वर्गणीवाला

कोरी यादी फिरवू नये. पहिलं नाव लिहायला कोणी धजत नाही आणि पहिला आकडा पुढच्या सगळ्यांचं माप ठरवतो. आधी चार-पाच खरी नावं घ्या, रकमा मधल्या आणि एकसारख्या नसलेल्या. सगळ्यात मोठा देणगीदार पहिल्या पानावर नको, त्याच्याखाली लहान रक्कम लिहायची लाज वाटून लोक ‘नंतर देतो’ म्हणतात. त्याला पाचव्या-सहाव्या जागी घाला.

व्याख्यान देऊन शेवटी डबा फिरवण्यापेक्षा लोकांना आपसात बोलू द्या. १९४० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी गृहिणींना हृदय, मूत्रपिंड असे सहसा न खाल्ले जाणारे मांसाचे भाग शिजवायला वळवून पाहिलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी ते केलं, गटात चर्चा करून शेवटी हात वर केलेल्या गटांत ३२ टक्क्यांनी. गट १३ ते १७ जणींचे होते. आम्ही पंधराच्या वर नेत नाही. त्याहून मोठ्या घोळक्यात चौघे बोलतात, बाकीचे ऐकतात, म्हणजे पुन्हा व्याख्यानच झालं. हात वर झाले की तिथेच तारीख विचारून घ्या आणि ती सगळ्यांसमोर वहीत लिहा.