गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पातीच्या कांद्याचं बी नेमकं कधी पेरावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी वाळपईजवळ राहते. ऑनलाइन मागवलेल्या पातीच्या कांद्याच्या पाकिटावर लिहिलंय, 'शेवटचं हिम पडून जाण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी पेरा.' बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे ती वेळ एप्रिलअखेर येते, म्हणून ती मार्चमध्येच पेरते. आमच्याकडे हिम कुठलं! जानेवारीत पहाटे परसात धुकं उतरतं, तेवढीच थंडी. मग मी हिशेब कशावरून धरायचा?

दोनदा फसले आहे. गेल्या वर्षी चवथ (गणेश चतुर्थी) होताच पेरलं. छान उगवलं, पण परतीच्या पावसाच्या दोन जोरदार सरी आल्या आणि रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. मग शिमगा झाल्यावर पेरलं, तर पात वीतभरही वाढली नाही, शेंडे करपले. जमीन तांबडी, जांभ्याची आहे. शेणखत घातलं होतं.

सासूबाईंना आता परसात उतरवत नाही. पात आली का, म्हणून रोज विचारतात. त्यांच्यासाठी तरी यंदा जमायला हवं.

प्रतिसाद

ताई, मी डिचोलीचा. हिमाची तारीख थंड मुलखासाठी असते. आपल्याला सांभाळायचा तो पाऊस, आणि मागाहून ऊन. भात कापून वायंगणाची (हिवाळी भातपिकाची) तयारी सुरू होते, तीच वेळ धरा. ऑक्टोबरच्या सरी थांबल्या की नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. फेब्रुवारीपर्यंत दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरलंत तर पात सलग मिळेल.

वाफा वीतभर उंच करा, बी अर्धा-एक सेंटिमीटरच खोल. जांभ्याची माती आंबट असते, कांद्याला ती मानवत नाही. पेरणीआधी दोन-तीन आठवडे थोडा चुना मिसळा. आणि बी ताजं घ्या, कांद्याचं बी वर्षभरात कमजोर होतं.

एक महत्त्वाचं: थंड देशांतल्या काही कांद्यांना गड्डा धरायला १४ तासांहून मोठा दिवस लागतो. गोव्यात जूनमध्येही दिवस १३ तासांच्या आसपासच असतो. तसलं बी असेल तर गड्डा धरणार नाही, पण पात मिळेल.

घाई असेल तर कोंब फुटलेले छोटे कांदे कुंडीत लावा, तीन-चार आठवड्यांत पात कापता येते. पावसाळ्यात पागोळीपासून लांब, छपराखाली, पण उजेडात ठेवा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पाकीट उलटून पाहिलं, बी दोन वर्षांपूर्वीचं आहे! आता नवं मागवते. टोपलीत कोंब आलेले सहा-सात कांदे आहेत, ते उद्याच लावते, सासूबाईंना बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून दिसतील असे. फक्त एक सांगा, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला चुना किती घालू?