पर्यावरणशास्त्राची पीएचडी: मोजायचं काय?

गाळपेर (धागाकर्ता):
आमच्या विभागाच्या पीएचडी कार्यक्रमाचं मूल्यमापन चालू आहे. समितीने पाठवलेल्या तक्त्यात तीनच गोष्टींना गुण आहेत: दर विद्यार्थ्यामागे पेपर किती, ते कुठल्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या (नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याच्या) नियतकालिकात, आणि नोंदणीपासून प्रबंध सादर होईपर्यंत वर्षं किती. तिन्ही आकडे कार्यालयात बसल्या बसल्या काढता येतात, हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

हा तक्ता लागू झाला तर काही वर्षांत आमच्याकडे चिखलात पाय घालणारा विद्यार्थी उरणार नाही. नदीच्या गाळावर काम करायचं तर पुराची वाट बघावी लागते. पहिल्या वर्षी सेन्सर वाहून गेला, दुसऱ्या वर्षी पूरच आला नाही, की तिसरं वर्ष उजाडतं आणि हातात काही नसतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा फुकट मिळणारी उपग्रहचित्रं घेऊन तेवढ्यात दोन पेपर काढतो. त्याचं काम कमअस्सल आहे असं मी म्हणत नाही. पण गुण असेच मिळणार असतील तर कुठला मार्गदर्शक पुढच्या मुलाला नदीवर पाठवेल?

इम्पॅक्ट फॅक्टर अमेरिकी माहितीतज्ज्ञ यूजीन गारफिल्ड यांच्या कामातून आला तो नियतकालिकं निवडायला, माणसं जोखायला नव्हे. संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं याबद्दल 2012 मध्ये तयार झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही हेच बजावलंय. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग 1958 मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला लागले तेव्हा आकडा दशलक्षात 313 भागांच्या आसपास होता. आज तो 420 च्या वर आहे. 1964 मध्ये पैसे कापले गेले आणि ही मोजणी काही महिने बंद पडली होती. आमच्या तक्त्यात कीलिंगना किती गुण मिळाले असते?

माझी मागणी साधी आहे. विद्यार्थ्याने मागे ठेवलेला विदा (डेटा) दुसऱ्या कुणाला वापरता येतो का, यालाही गुण द्या.

खडूस परीक्षक:
कीलिंग यांचं नाव घेतलं की सगळे गप्प बसतात, म्हणून ते घेतलंत. पण मौना लोआ हे त्यांचं पीएचडीचं काम नव्हतं. पीएचडी त्यांनी पॉलिमर रसायनशास्त्रात केली, ती संपवली आणि मग हवेकडे वळले. लांब पल्ल्याची मोजणी हे पगारी, कायम माणसं असलेल्या संस्थेचं काम आहे. ते तुटपुंज्या फेलोशिपवर जगणाऱ्या विद्यार्थ्याच्या गळ्यात मारू नका.

आता मुदतीबद्दल. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्या मार्गदर्शकांच्या टेबलावर अकरा महिने पडून होतं. विचारायला गेलं की "विषय अजून मुरू दे" असं ऐकायला मिळायचं. मला सोडवलं ते मुदतीच्या नियमाने, कुणाच्या थोरपणाने नव्हे. तुम्हाला जाचक वाटणारे आकडे दुबळ्या बाजूच्या माणसाला कामी येतात. ते काढलेत तर उरते फक्त मार्गदर्शकाची मर्जी.

कासवछाप:
पूर आला नाही तर काय, हा प्रश्न संशोधन आराखड्याच्या सादरीकरणात कुणी विचारलाच नव्हता का? नसेल तर तक्त्याला कशाला शिव्या घालताय?

गाळपेर:
@कासवछाप, विचारला होता. उत्तर होतं, "येईल की."
@खडूस, अकरा महिन्यांबद्दल वाईट वाटलं. पण मुदत आणि पेपरची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदतीला मी हात लावत नाही. पेपर मोजल्याने तुमचं प्रकरण टेबलावरून हललं असतं का?

खडूस परीक्षक:
हललं असतं. पेपर छापला नाही तर त्यांचेही गुण गेले असते.

पाणकणीस:
टेबलावर बसणाऱ्यांना नावं ठेवायची फॅशन झाली आहे, म्हणून एक गोष्ट सांगते. अंटार्क्टिकातल्या हॅली या ब्रिटिश तळावर 1956 पासून ओझोन मोजत होते. नोंदींचा ढीग साचला होता. तो संगणकात भरण्याचं काम 1977 मध्ये नव्याने रुजू झालेल्या जोनाथन शँक्लिन यांच्याकडे आलं. 1985 मध्ये ओझोनच्या छिद्राचा जो निबंध आला त्यावर फार्मन आणि गार्डिनर या सहकाऱ्यांबरोबर त्यांचंही नाव आहे. जुन्या नोंदी साफ करणं हेही संशोधनच आहे, गाळपेर. तुमच्या नदीवरच्या मुलाने आधी विभागाच्या कपाटातल्या जुन्या वह्या उघडल्या तर पूर न येणारं वर्षही फुकट जाणार नाही.

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. तक्त्यात फक्त पूर्ण करणारे दिसतात. सोडून गेलेले कुठे आहेत? दहा जणांनी नोंदणी केली, चौघे टिकले आणि चौघांनीही चार वर्षांत उरकलं, तर कार्यक्रम कागदावर झकास. उरलेल्या सहांपैकी कुणी घरच्या अडचणीने गेला, कुणाला मार्गदर्शकाने छळलं, कुणाला नदीवर जायला गाडी मिळाली नाही, हे कुणी विचारणारच नाही.

आमच्या विषयात आणखी एक फट आहे. भूजलावरच्या प्रबंधात रसायनशास्त्रही असतं आणि लोकांच्या मुलाखतीही. एक परीक्षक उपकरणाची अचूकता विचारतो, दुसरी मुलाखतींसाठी माणसं कशी निवडली ते विचारते. दोघंही बरोबर, आणि मूल मधल्यामध्ये भरडलं जातं. ही माणसं पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याच्या समितीत बसवा. दर सहा महिन्यांनी भेटून दोन परिच्छेद लेखी द्यायला लावा. मग प्रकरण अकरा महिने पडून राहणार नाही आणि "येईल की" हे उत्तरही चालणार नाही.

खडूस परीक्षक:
गळतीचा मुद्दा बिनतोड. फक्त ती मार्गदर्शकनिहाय मोजा. विभागाची सरासरी काढली की सगळे त्यामागे लपतात.

कासवछाप:
मार्गदर्शकनिहाय? समितीत कोण बसलंय माहीत आहे ना?

गाळपेर:
माहीत आहे. त्यांतल्या एकाकडून तीन जण सोडून गेलेत. तरीही रकाना सुचवतो. विदाचा आणि गळतीचा असे दोन, शिवाय पाणकणीस यांचे सहामाही लेखी शेरे. इम्पॅक्ट फॅक्टर काढा असंही लिहितोय.

खडूस परीक्षक:
तो काढा. पेपरची संख्या राहू द्या, निदान एक तरी. यावर मी हटणार नाही.

पाणकणीस:
एकावर माझी हरकत नाही. त्या पेपरला जोडलेला विदा उघडता आला पाहिजे, एवढी अट घाला.