मदत हवी आहे: खड्ड्यात चाक आपटलं की एबीएस आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम लागतात, मॉड्यूल बदलू का?

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, रनिंग ९६ हजार. आम्ही साखरप्याला राहतो. बाबांना महिन्यातून दोनदा कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणजे आंबा घाट चुकत नाही.

पावसाचा जोर वाढल्यापासून खड्ड्यात चाक आपटलं की एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि पॉवर स्टिअरिंगचा दिवा एकाच क्षणी लागतो, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येतो आणि स्टिअरिंग जड होतं. इंजिन मात्र व्यवस्थित चालतं, आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. पुढच्या खड्ड्याला कधी सगळं आपोआप सुरळीत होतं, कधी गाडी बंद करून परत चालू करावी लागते. गेल्या खेपेला हे ऐन वळणावर झालं, समोरून एसटी येत होती. दोन्ही हातांनी ओढून कशीबशी वळवली. तेव्हापासून बाबांना घेऊन घाट चढायची हिंमत होत नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, यू०१२१ हा कोड, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. स्टिअरिंगमागच्या मीटरमध्ये (स्पीडोमीटरच्या डब्यात) यू०१२१ आणि यू०१३१, म्हणजे स्टिअरिंगशीही तुटला. स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये (त्याच्या कंट्रोलच्या डब्यात) यू०१००, म्हणजे इंजिनशी संपर्क नाही. एबीएस मॉड्यूल बदला, ३८ हजार खर्च येईल, असं सांगितलं. पैसे जमवीन, पण बदलूनही दोष राहिला तर काय?

मी घरी बॅटरीची निगेटिव्ह काढून, दहा मिनिटं थांबून, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला. ६० ओम आले. मुलाला गाडी हलवायला सांगितली, तर मध्येच १२० दिसले आणि पुन्हा ६०. याचा अर्थ काय घ्यायचा?

प्रतिसाद (ऑटो इलेक्ट्रिशियन, इचलकरंजी)

दादा, मॉड्यूल अजिबात घेऊ नका. तुमच्या मल्टिमीटरने अर्धं काम केलंय.

कॅन बस म्हणजे गाडीतली मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची जोडी, कॅन-हाय आणि कॅन-लो. तिच्या दोन टोकांना १२० ओमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून सॉकेटवर ६० दिसतात. १२० दिसले म्हणजे एक टोक त्या क्षणी तुटलं. कॅन-हाय आणि कॅन-लो एकमेकांना चिकटल्या असत्या तर आकडा शून्याजवळ गेला असता. तुमच्याकडे शॉर्ट नाही, ओपन आहे.

आता कोड नीट वाचा. इंजिन आणि मीटर म्हणतात एबीएस बोलत नाही, स्टिअरिंग म्हणतं इंजिन बोलत नाही. पण स्टिअरिंगने एबीएसबद्दल तक्रार केलेली नाही. म्हणजे ते दोघं एका बाजूला आहेत आणि एकमेकांशी नीट बोलतायत, इंजिन आणि मीटर दुसऱ्या बाजूला. तार मधे तुटते आहे. एबीएस मॉड्यूल मेलं असतं तर स्टिअरिंगनेही त्याची तक्रार केली असती. मीटरला वेग एबीएसकडून मिळतो म्हणून काटा शून्यावर येतो. इंजिन चालू आहे हा निरोप पोचला नाही की बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगची मदत बंद पडते, म्हणून ते जड होतं.

खात्री करायची तर १२० दिसत असताना एबीएसचा कपलर (तारांचा प्लग) काढा आणि हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या बाजूने कॅनच्या दोन पिनांत मोजा. तिथेही १२० आले तर दोन्ही तुकडे ठणठणीत आहेत, फक्त जोड गेलाय. मात्र काही गाड्यांत टोकाचा रेझिस्टर एबीएसच्याच आत असतो. तसं असेल तर कपलर काढल्यावर आकडा येणार नाही, घाबरू नका.

पावसाळ्यात मी आधी डाव्या सीटपुढचा गालिचा उचलतो. वायपरखालच्या जाळीत पानं साचून पाण्याची वाट बंद झाली की पाणी आत झिरपतं आणि खालच्या कपलरवर बसतं. कपलर उघडून हिरवा गंज बघा. पिना ओढूनही बघा, दिसायला चकचकीत पण आतून सैल असतात.

जोडताना एक पथ्य पाळा. दोन्ही तारा पीळ घातलेल्या असतात, बाहेरचा विद्युत गोंधळ दोन्हींवर सारखाच बसावा म्हणून. पीळ गरजेपेक्षा जास्त सोडू नका. जोडाला सोल्डर मारा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती टेप गुंडाळू नका.

धागाकर्ता, चार दिवसांनी

गालिचा उचलला तर खाली स्पंज भिजलेला, दाबला की पाणी वर यायचं. डाव्या पायाजवळच्या पांढऱ्या कपलरमध्ये कॅन-लोची पिन हिरवी पडून अर्धी खाल्ली गेली होती. वायपरखालून ओंजळभर आंब्याची पानं निघाली, गाडी दारच्या आंब्याखालीच उभी असते.

गावातल्या वायरमनकडून नवीन पिन बसवून घेतली, पीळ पुन्हा घातला. हलवून, दाबून, आपटून पाहिलं, ६० वरून हलत नाही. कोड पुसले. काल एकटा आंबा घाटात वर-खाली दोन फेऱ्या मारल्या, एकही दिवा लागला नाही. गुरुवारी बाबांना घेऊन जातोय.

दादा, मनापासून आभार. आता एकच विचारायचंय: स्पंज अजून ओला आहे. तो पूर्ण बाहेर काढून वाळवायचा, की जागेवर ठेवून चालेल?

प्रतिसाद (ऑटो इलेक्ट्रिशियन, इचलकरंजी)

बाहेरच काढा. जागेवर तो कोकणात दसऱ्यापर्यंत वाळायचा नाही, आणि दुसरा कपलर त्याच ओलीत बसलेला असेल.