लॉक वाढवण्याआधी लॉकडेप हे लॉक-तपासणीचे साधन चालवावे

लिनक्सवरचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) अधूनमधून गोठतो म्हणून त्यात आणखी एक स्पिनलॉक (सामायिक माहिती एका वेळी एकालाच वापरू देणारे, मोकळे होईपर्यंत इतरांना थांबवणारे कुलूप) लावावे, अशी सूचना इथे कुणीतरी केली आहे; ती मला पटत नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यासाठी ड्रायव्हर लिहिताना आम्हीही तेच केले होते. परंतु प्रोसेसरच्या ज्या कोअरने (गाभ्याने) साधे स्पिनलॉक धरले होते त्याच कोअरवर इंटरप्ट (चालू काम थांबवणारा उपकरणाचा संकेत) आला, त्याचा हँडलरही (त्या संकेताला उत्तर देणारा कोडही) तेच लॉक मागू लागला, पण थांबलेले काम पुढे सरकल्याशिवाय लॉक सुटणार नव्हते, आणि यंत्र जागच्या जागी थिजले. दुसऱ्या कोअरवर इंटरप्ट आला असता तर हँडलर क्षणभर थांबून पुढे गेला असता, म्हणूनच हा दोष आठवडाभर सापडत नव्हता. लॉक घेताना त्या कोअरचे इंटरप्ट बंद ठेवल्यावर तो दोष गेला. लिनक्समध्ये २००६ पासून असलेले लॉकडेप प्रत्यक्ष डेडलॉकची (अशा कायमच्या अडकण्याची) वाट न पाहता लॉकचा असा विसंगत वापर दाखवते. मात्र त्यासाठी लॉक घेणारे दोन्ही मार्ग, म्हणजे नेहमीचा कोड आणि हँडलर, चाचणीत एकदा तरी चालायला हवेत.