मदत हवी आहे: पेपर मिलच्या पाण्यातला स्लाइम, बायोसाइड दुप्पट करूनही हटत नाही

वायरपिट

एरवी मी वाचनमात्र असतो, आज अडलोय म्हणून धागा काढला. इथे केमिकलवाले आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं.

एका क्राफ्ट पेपर मिलमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे. खोक्यांचा तपकिरी कागद असतो ना, तो आम्ही रद्दी खोक्यांपासूनच परत बनवतो. दिवसाला ८० टन. गेल्या वर्षी बाहेर पाणी सोडणं पूर्ण बंद केलं. पूर्वी टनामागे ८-९ घनमीटर ताजं पाणी लागायचं, ते आता दोनच्या आत आलंय. बॅकवॉटर (लगद्यातून निथळलेलं पाणी) फिरून फिरून तेच, आणि ईटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरणातून) निघालेलं पाणीसुद्धा पुन्हा पल्परलाच (रद्दीचा लगदा करणाऱ्या यंत्राला).

पहिले चार महिने बरे गेले. मग बुळबुळ सुरू झाली. हेडबॉक्सच्या (लगदा मशीनवर सोडणाऱ्या पेटीच्या) कडांना, वायरखालच्या (लगदा निथळायच्या जाळीखालच्या) फॉइलमागे, बॅकवॉटरच्या पाइपात, हात घालाल तिथे शेंबडासारखा थर. त्याचा लोळा सुटून कागदात आला की तिथे भोक, आणि भोक पडलं की ब्रेक, म्हणजे चालू मशीनवर कागद तुटतो. दिवसाला दोन व्हायचे, आता सात-आठ होतात. त्यात बॉक्सवाल्या गिऱ्हाइकाची तक्रार, की कागदाला वास येतो. खोटं कसं म्हणू? सकाळी गोडाऊनचं शटर वर केलं की खवट लोण्यासारखा भपकारा येतो.

बॅकवॉटरचा पीएच ६.९ वरून ६.२ वर आलाय, तापमान ४१-४२, कंडक्टिव्हिटी (विरघळलेल्या क्षारांचं माप) तिपटीने वाढलीय. डिप स्लाइड (पाण्यात बुडवून जंतू मोजायची स्लाइड) कायम दहा लाखांच्या वर. बायोसाइड (जंतुनाशक) म्हणून २० टक्केवालं डीबीएनपीए फॅन पंपाच्या (लगदा हेडबॉक्सकडे ढकलणाऱ्या पंपाच्या) सक्शनला थेंब थेंब चोवीस तास चालू असतं. टनाला १५० ग्रॅम होतं, सप्लायरने ३०० करायला लावलं. फरक शून्य. आता म्हणतो ४५०. मालक माझ्याकडे बघतात आणि मी ड्रमकडे.

केमिकल बदलू का? की डोस खरंच कमी पडतोय?

बुरशी

दादा, एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, त्यामुळे नाव वाचून घाबरू नका.

खवट लोण्याचा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल. हवा मिळत नाही तिथे जिवाणू रद्दीतला स्टार्च खातात आणि अशी आम्लं सोडतात. त्यामुळेच पीएच उतरला. त्याच आम्लात रद्दीतला कॅल्शियम कार्बोनेट विरघळतो, म्हणून कंडक्टिव्हिटी चढली. तुमच्या तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगताहेत: कुठेतरी पाणी किंवा लगदा हवेशिवाय पडून आहे.

डिप स्लाइडवर फार विसंबू नका. ती उघड्या हवेत वाढणारे आणि पाण्यात सुटे तरंगणारेच मोजते. पाइपाला चिकटलेला थर आणि हवेशिवाय जगणारे दोन्ही तिच्या हिशेबात येत नाहीत.

एक विचारते: सडक्या अंड्याचा वास येतो का कुठे?

वायरपिट

ताई, ब्रोक चेस्टचं (तुटलेल्या कागदाचा लगदा साठवायच्या टाकीचं) झाकण काढलं की येतो. पण तो तर पहिल्यापासून येतो, आम्ही त्याला वासच धरत नाही.

जुना_पेपरवाला

३१ वर्षं पेपर मिलमध्ये काढली, आता घरी बसून धागे वाचतो. "पहिल्यापासून येतो" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

बाळा, आधी हे ऐक. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो १०० पीपीएमच्या वर गेला की नाक बधिर होतं, माणसाला वाटतं वास गेला. गेलेला असतो तो माणूस. चेस्ट धुवायला आत उतरलेला पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही पडतो. गॅस मीटर लावल्याशिवाय, ब्लोअर फिरवल्याशिवाय आणि वर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय कुणालाही आत सोडू नकोस. मीटर १० पीपीएम दाखवत असेल तर काम बंद. मालक काय म्हणतील ते नंतर बघू.

आता तुझा प्रश्न. मी केमिकल विचारणारच नाही. ब्रोक चेस्ट किती मोठं? ॲजिटेटर (लगदा ढवळणारा पंखा) चालू असतो की नाही? बॅकवॉटर टॉवर किती घनमीटरचा? त्यातून पाणी खरोखर फिरतं, की वरचंवर येतं नि वरचंवर जातं? स्टार्च शिजवून किती तास ठेवता? साइझिंगला (कागदाने पाणी शोषू नये म्हणून) काय घालता?

वायरपिट

काका, आज दुपारी कॅमेरा आणि टॉर्च घेऊन फिरलो. लिहायला लाज वाटतेय.

ब्रोक चेस्ट ६० घनमीटर. ॲजिटेटर संध्याकाळी महाग युनिटच्या वेळेत बंद ठेवतात, वीजबिल वाचवायला. ब्रेक कमी असायचे तेव्हा ब्रोकही कमी, त्यामुळे लगदा दोन-दोन दिवस तसाच. बॅकवॉटर टॉवर २०० घनमीटर, आणि तुम्ही म्हणालात तसंच: येणारा पाइप वर, जाणाराही वरच. खालचं अर्धं पाणी कधी हललंच नसेल. शिजवलेला स्टार्च टाकीत कधीकधी दुसऱ्या शिफ्टपर्यंत राहतो, ४५ अंशांना. साइझिंगला रोझिन (राळ) आणि ॲलम.

साखरेचा_माणूस

थोडं अवांतर. आम्ही साखर कारखान्यात हाच खेळ उसाच्या रसाशी खेळतो. मिलखाली रसाचं पन्हळ तुंबलं की ल्युकोनॉस्टॉक नावाचा जिवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान बनवतो, चिकट लाळेसारखं. रस गाळता येत नाही, साखरेचा दाणा लांबट येतो. पूर्वी सरसकट फॉर्मॅलिन मारायचे. आमचे चीफ केमिस्ट म्हणायचे, "औषध नंतर, आधी झाडू." दर शिफ्टला वाफेने आणि गरम पाण्याने पन्हळ धुतल्याशिवाय बायोसाइडचा कॅन उघडू द्यायचे नाहीत.

बुरशी

ॲलम! तोच प्रश्न डोक्यात होता.

ॲलम म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. तुमचं पाणी आता बाहेर जातच नाही, त्यामुळे सल्फेट साठत गेलं. हवेशिवाय असलेल्या जागी सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचं सल्फाइड करतात. म्हणजे सडक्या अंड्याचा वास. आणि डीबीएनपीए सल्फाइडशी लगेच रिॲक्ट होऊन संपतं. जिवाणूपर्यंत पोचायच्या आधीच! तुमच्या ३०० ग्रॅममधले किती ग्रॅम जंतू मारतात आणि किती नुसते सल्फाइडचं पोट भरतात ते बघायला हवं. लेड ॲसिटेटची पट्टी मिळते. नमुना बाटलीत घ्या, थोडं आम्ल टाका, पट्टी तोंडाशी धरा. काळी पडली तर कळलं. उघड्यावर करा आणि वास घेऊ नका.

तुमच्या पीएचला डीबीएनपीए आपोआप लवकर तुटत नाही. आठच्या वर ते झपाट्याने तुटतं, तुमचा तो प्रश्न नाही.

डोस_मास्तर

मी याच धंद्यात आहे, केमिकल विकतो. त्यामुळे माझं म्हणणं पारखूनच घ्या.

थेंब थेंब चोवीस तास ही पद्धत या केमिकलला मारक आहे. डीबीएनपीए काही मिनिटांत काम करून मोकळं होतं. पातळ करत राहिलात तर मारण्याइतकी तीव्रता कधीच येत नाही. तोच माल दिवसातून चार-पाच वेळा, वीस-पंचवीस मिनिटांत एकदम सोडा. आणि फॅन पंपावर नको, तिथे गोष्ट संपत आलेली असते. जिथे रोग आहे तिथे: ब्रोक चेस्ट आणि टॉवरकडे जाणारी लाइन.

ब्रोकमध्ये आणि स्टार्चच्या टाकीत माल तासन्तास पडून असतो, तिथे सावकाश चालणारं आयसोथायाझोलिनोन चालेल. हातमोजे घालूनच, त्वचेला ॲलर्जी बसली की जन्माची. पण त्यालाही सल्फाइडचं वावडं आहे, आधी चेस्ट स्वच्छ हवं. ग्लुटारॅल्डिहाइड कुणी सुचवलं तर आधी ईटीपीचं पाणी तपासा. तुम्ही तिथे युरिया, डीएपी घालत असाल. त्यातला अमोनिया परत आला की ग्लुटार निकामी.

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) स्वस्त म्हणून ओतायचा मोह होईल. तुमच्या पाण्यात इतकी घाण आहे की क्लोरीन तीच खात बसेल. आणि हायपोचा ड्रम ॲलमजवळ ठेवू नका. आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू.

वायरपिट

मास्तर, युरियाचं बरोबर ओळखलंत. ईटीपीवाला गोणीच्या हिशेबाने टाकतो. कमी टाकलं तर जिवाणू उपाशी मरतील म्हणतो. म्हणजे एका टोकाला आम्ही जिवाणूंना खाऊ घालतोय आणि दुसऱ्या टोकाला विष. मधे पाइप एकच.

पट्टी ब्रोक चेस्टच्या नमुन्यात दोन मिनिटांत कोळसा झाली. हेडबॉक्सच्या पाण्यात फिकट तपकिरी.

जुना_पेपरवाला

मग ४५० ग्रॅमचं नाव काढू नकोस. टॉवरच्या तळातून ओढणारा पाइप काढ, वेल्डरचं एका दिवसाचं काम आहे. ॲजिटेटर बंद ठेवून जेवढं बिल वाचलं त्यापेक्षा जास्त एका ब्रेकमध्ये जातं, हा हिशेब कागदावर लिहून मालकांना दे. आम्ही तोंडी सांगायचो, कुणी ऐकायचं नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एक कॉस्टिक बॉइलआउट (गरम कॉस्टिक सोड्याने सगळी यंत्रणा धुणं) घे. जुना थर तसाच ठेवून नवीन औषध मारलंस तर वरची साय मरते, खालचं तसंच. शिवाय अर्धवट सुटलेले लोळे दोन-तीन दिवस ब्रेकवर ब्रेक देतात, आणि सगळे म्हणतात नवीन औषध वाईट.

वायरपिट (तीन आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं होतं. बॉइलआउटला मालकांनी नाही म्हटलं, महिन्याचं टार्गेट होतं. पण ॲजिटेटर चोवीस तास चालू झाला, ब्रोक आता आठ तासांच्या वर ठेवत नाही. टॉवरचा पाइप खाली गेला. त्या दिवशी तळातून जे काळं पाणी निघालं त्याचा फोटो टाकत नाही, कुणी जेवत असेल. मीटर लावूनच केलं काका, आणि मीटर ओरडला. दोन तास ब्लोअर चालवल्यावर माणूस उतरवला.

डोस १५० वर परत आणला, पण चार झटक्यांत. पहिले तीन दिवस ब्रेक अकरावर गेले, मला वाटलं नोकरी गेली. आता तीन-चारवर आहेत. पीएच ६.६. स्टार्च ६५ अंशांच्या वर ठेवतो, तो आता पाणचट होत नाही. ईटीपीत युरिया रोज अमोनिया मोजून टाकायचा ठरलंय, पण ईटीपीवाला माझ्याशी बोलत नाही.

गोडाऊनचा वास कमी झालाय, गेला नाही. पट्टी ब्रोकमध्ये अजून तपकिरी होते. ॲलमऐवजी पॉली ॲल्युमिनियम क्लोराइडची चाचणी घेऊ का? सल्फेट तरी थांबेल. रोझिन त्याच्याबरोबर चालतं का?

डोस_मास्तर

चालतं, बरेच जण वापरतात. किलोला महाग, पण ॲलमपेक्षा कमी लागतं आणि पीएच तेवढा पाडत नाही. क्लोराइड मात्र साठेल, पाइप नि पंपांच्या गंजाकडे लक्ष ठेवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. कॉब (कागद किती पाणी शोषतो ते) मोजत राहा.

बुरशी

आणि पट्टी ब्रोकच्या आधीच्या प्रत्येक टाकीवर लावा, दादा. अजून एखादा कोपरा सापडेल.

वायरपिट

सापडला. सेव्हऑलखालचा (बॅकवॉटरमधले तंतू परत पकडणाऱ्या यंत्राखालचा) एक जुना पिट, वर पत्रा टाकलेला, कुणाला आठवतही नव्हता. बॉइलआउट येत्या गुरुवारच्या सुट्टीत मंजूर झालाय. कॉस्टिकचं प्रमाण आणि तापमान कुणी आपल्या अनुभवातून सांगेल का? वायर सिंथेटिक आहे, फेल्ट (ओल्या कागदाचं पाणी शोषणारं जाड कापड) काढून ठेवणार आहोत.